विहिणीपुरतं स्पॅनिश

माझी लेक एका स्पॅनिश मुलाशी लग्न करून स्पेनला गेली, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांना एकच काळजी होती, मी विहिणीशी बोलणार कशी? मला ती नव्हती. सांगलीत मी मिरची-मसाल्याचं कांडप चालवते. यंत्राच्या धडधडाटात बायकांच्या नुसत्या ओठांवरून मला कळतं, चटणी बारीक हवी की जाडसर. एका विहिणीचं काय एवढं!

लग्न सांगलीतच झालं. आमच्यात मुलीच्या आईनं वरमायेपुढे हात जोडून म्हणायचं असतं, पोरीचं काही चुकलं तर पोटात घाला. माझ्या लग्नात, पाटणकडच्या आमच्या गावी, माझ्या आईनं ते म्हटलं होतं आणि माझी सासू मान दुसरीकडे वळवून उभी राहिली होती. ते मला अजून डाचतं. म्हणून लेकीच्या लग्नात थोरली नणंद कानाशी येऊन म्हणाली, "हात जोड की गं, वरमाय हाय ती," तेव्हा मी सरळ सांगितलं, "न्हाई जोडत." विहिणीला यातलं काय कळणार? तिनं माझ्याकडे बघितलं आणि घट्ट मिठीच मारली. बाई मला तिथेच आवडली.

पुढे दर रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. कधी विहीण शेजारी बसून बोलायची आणि लेक ते मराठीत सांगायची. पहिलं वर्ष झकास गेलं. मग काहीतरी बिनसलं. विहीण तळमळून कितीतरी वेळ बोले आणि लेक म्हणे, "त्या म्हणतात, सगळं छान आहे." एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच मराठी? शिवाय माझी लेक जन्माची भांडकुदळ. माझ्या साडीपासून माझ्या आमटीतल्या मिठापर्यंत तिला सगळ्यात खोट दिसायची. आता मी काहीही म्हटलं तरी "हो आई, बरं आई." त्या "बरं आई"नं माझी झोप उडवली. आमचे हे म्हणाले, "जावयाला इचार की. त्याला विंग्रजी येतंय." जावयाला काय विचारू? भीती तर त्याच्याचबद्दल वाटत होती. मला खरं सांगेल अशी तिथं एकटी विहीण होती, आणि तिच्या नि माझ्या मध्ये लेक बसलेली.

तेव्हा मी स्पॅनिश शिकायचं ठरवलं. फोनवर फुकट धडे मिळतात. धड्यातली बाई म्हणाली, काही क्रियापदं सरळ चालतात, काही वाकडी. वाकड्यांच्या नादी मी लागलेच नाही. सरळ क्रियापदाचं शेपूट तोडायचं आणि कोण करतंय ते बघून दुसरं जोडायचं, झाला वर्तमानकाळ. ती शेपटं मी खडूनं कांडपाच्या पत्र्याच्या दारावर लिहून काढली : ओ, आस, आ, आमोस, आन. आणखी एक होतं, ते लागणार नाही म्हणून गाळलं. भूतकाळ आणि भविष्यकाळही बाजूला ठेवले. लेकीचं आज कसं चाललंय, एवढंच तर विचारायचं होतं. बोलणं म्हणजे ‘आब्लार’. त्यात लिहिताना ‘ह’ असतो आणि बोलताना तो खायचा असतो. आमी-तुमी म्हणत वाढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

‘योरार’ म्हणजे रडणं. ते मला गिऱ्हाइकांनी पाठ करून दिलं. मिरचीचे दिवस होते. खकाणा उडाला की सगळ्यांचे डोळे वाहायचे. मी नाकाला पदर लावून म्हणायची, योरो, मी रडते. समोरच्या बाईकडे बोट करून, योरास, तू रडतेस. तिच्या जावेकडे बोट करून, योरा, ती रडते. कवठे महांकाळकडची एक म्हातारी शिंकत म्हणाली, "ह्यो कसला मंतर गं म्हंतीस?"

"लेकीसाठी हाय, मावशी," मी म्हटलं. मग तिनं आपली मिरची कांडून होईपर्यंत माझ्याबरोबर योरामोस, योरामोस केलं. म्हणजे आपण रडतो.

उन्हाळा सरता सरता, लेक ऑफिसात असते असं सांगायची त्या वेळेला, मी विहिणीला फोन लावला. लग्नाचे फोटो पाठवताना घेतलेला नंबर होता. "ओला, विहीणबाई," मी म्हटलं. तिचा चेहरा फुलला. मग मध्ये लेक नाही, मी एकटीच बोलतेय, हे बघून ती सावरून बसली.

प्रश्न सगळे तोंडपाठ होते. पहिल्यालाच मात्र जीभ जड झाली, कारण तो तिच्या पोटच्या मुलाबद्दल होता. मी त्याचं नाव घेतलं आणि विचारलं, "पेगा?" मारतो?

तिनं रागानं फोन ठेवला असता तरी मी तिला नावं ठेवली नसती. तिनं छातीवर हात ठेवला. "नो. नो पेगा."

"ग्रीता?" ओरडतो?

"नो ग्रीता."

माझ्याजवळ भाषा किती आहे ते तिनं ओळखलं होतं. माझ्याच शब्दांत, तेवढंच उत्तर देत होती. मी लेकीचं नाव घेतलं. "त्राबाखा?" काम करते?

"नो त्राबाखा." नोकरी गेली होती तर.

"योरा?"

विहिणीनं मान खाली घातली. "योरा," ती म्हणाली. "नो कोमे." रडते, जेवत नाही.

मला फोन दिसेनासा झाला. कांडप बंद होतं, मिरचीवर ढकलायचीही सोय नव्हती. हात जोडावेत, माझी पोर सांभाळा म्हणावं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पण विहीणच काकुळतीला येऊन सांगत होती, "एस्कुचो," मी ऐकते, "नो आब्ला," ती बोलत नाही. म्हणजे ती बाईही माझ्यासारखीच दाराबाहेर उभी होती. मी डोळे पुसले. "बियाखो," मी म्हटलं. प्रवास करते, येते मी.

"एस्पेरो," ती म्हणाली. वाट बघते.

संध्याकाळी लेकीला फोन केला. "व्हिसा झाला की येतीय मी तिकडं."

"कशाला, आई? मी मजेत आहे."

"योरास," मी म्हटलं.

 तशी ती हमसून हमसून रडली. नोकरी हिवाळ्यातच सुटली होती, दुसरी मिळत नव्हती, आणि या लग्नासाठी इथं सगळ्यांशी भांडून गेल्यावर ते कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून गप्प बसली होती. मी सगळं ऐकून घेतलं. तिचं रडून झाल्यावर विचारलं, "येताना काय आणू?"

"चटणी," ती नाक ओढत म्हणाली. "आपल्या कांडपाची."

"आणते की. तुझ्या सासूलाबी सोसंल अशी बेताचीच करते."

"बेताची कशाला? तुला ना आई, काही सांगायची सोय नाही! नेहमीसारखी झणझणीत कर," ती माझ्यावर खेकसली.

किती महिन्यांनी खेकसली होती. "हो बाई," मी म्हटलं आणि फोन ठेवून मिरच्यांचे देठ मोडायला बसले.