डेअरीच्या भिंतीवरचा दिनविशेष

जगात एखादी गोष्ट एकदाच घडते आणि गप बसते. ती फळ्यावर लिहिली की आमच्या गावात जे घडायला लागतं, त्याला मात्र अंत नाही! मी फळ्यावर चार ओळी लिहायची, आणि सकाळच्या धारा डेअरीत पोचेपर्यंत त्या चार ओळींवर आठ किस्से झालेले असायचे. आता इतके साठलेत की एक सांगायला घेतला तर दुसरा मागून ढकलतो.

बारामतीहून इंदापूरकडं जाताना पिंपळीच्या पुढं आमचं गाव. तिथल्या दूध डेअरीच्या भिंतीवर फळा होता. त्यावर रोज सकाळी ‘आजचा दिनविशेष’ मी लिहायची. शाळेत मी गेले ती जमीन सारवायला. शेणाच्या हातानं भिंतीवरची बाराखडी पाठ केली. पुढचं सगळं माझं मी. रेडिओ ऐकते, पुस्तकं पडताळते, नातीच्या मोबाईलवर आलेलं तीनदा तपासल्याशिवाय खडू उचलत नाही. त्यामुळं हा फळा माझा, असं मी म्हणते. कुणाला सलत असेल तर सलू दे!

गेल्या पावसाळ्यात तो माझ्याकडून काढून घेतला. त्याचंही सांगणार आहे. पण रांगेनं येऊ दे, डेअरीत येतात तसं.

* * *

पहिला दिवस होता एकोणतीस मे. मी मोठ्या झोकात लिहिलं, ‘आजच्या दिवशी माणसानं एव्हरेस्टच्या शिखरावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं.’

आमच्याकडं चौकातल्या फळ्यावर खडूनं काही लिहिलं, तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी गेलं!

आबा कॅन घेऊन आले. साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, पण चष्मा कायम घरी. लांबूनच फळा बघितला, कॅन खाली ठेवला, टोपी काढली, हात जोडले. मागची माणसंही थांबली. दोघांनी चपला काढल्या.

मला वाटलं, काय मान आहे ज्ञानाला!

आबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, “आक्का, लई वाईट झालं. वय काय हुतं? आन दहावा कधी?”

* * *

मग लोकांना सवय लागली. इतकी लागली, की गाईला कालवड झाली तर तिचं नाव त्या दिवशीच्या फळ्यावरनं ठेवायची रीतच पडली. आमच्या गावात ‘एव्हरेस्ट’ नावाची गाय आहे. शांत आहे, उंच मात्र नाही.

एका पंधरा एप्रिलला तात्यांची गाय व्याली. तात्या धावत डेअरीत आले, फळा वाचला, आणि त्यांचा चेहराच उतरला. मी लिहिलं होतं, ‘आजच्या दिवशी टायटॅनिक हे अवाढव्य जहाज समुद्रात बुडालं.’

“आक्का! माझी कालवड बुडवता व्हय?”

“तात्या, जहाज मी बुडवलं नाही.”

“मग दुसरं कायतरी लिवा! आज जगात चांगलं कायच झालं न्हाय?”

“झालं असेल. पण लिहिलेलं मी पुसत नाही.”

तात्या तिथंच बसले. तेवढ्यात दुधाचा टेम्पो घेऊन येणारा नवनाथ हॉर्न वाजवायला लागला. हा नवनाथ म्हणजे माझा जुना वैरी. लोक फळा वाचत थांबले की त्याचा हात हॉर्नवर! हॉर्नच्या त्या गोंधळातच तात्यांनी विचारलं, “उद्याचं काय हाय?”

“उद्या सोळा एप्रिल. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली.”

तात्या उठले. धोतर झटकलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझी गाय उद्या व्याली!”

त्या कालवडीचं नाव रेल्वे. आता चांगली दुभती गाय झालीय. पण संध्याकाळी चरून घरी यायची तिची वेळ आजपर्यंत कुणाला सांगता आलेली नाही.

* * *

चंद्रावर माणूस उतरला ती तारीख कुठली, यावरनं तर डेअरीत हातघाईवर आलं होतं.

शाळेतले गुरुजी म्हणाले, वीस जुलै. पुस्तकात आहे. मी म्हटलं, अमेरिकेच्या घड्याळात वीस. आपल्याकडं त्यानं पाऊल टाकलं तेव्हा एकवीसची सकाळ उजाडलेली होती. डेअरीची वेळ होती!

“आक्का, जग वीसच मानतंय.”

“जग मानू दे. फळा बारामती तालुक्यात आहे!”

गुरुजींना राग आला, मलाही आला. गुरुजींचं खोटं नव्हतं आणि माझंही नव्हतं, म्हणून तर भांडण मिटेना. शेवटी डेअरीत दुधाचं फॅट बघणारी शालन म्हणाली, “वीसला गुरुजींचं लिवा, एकवीसला आक्काचं लिवा, आन मला दूध मोजू द्या.”

तसंच केलं. दोन्ही दिवस माणूस चंद्रावर उतरवला.

दुसऱ्या दिवशी आबांनी चष्मा आणला होता. नीट वाचलं आणि समाधानानं मान हलवली. “कालपास्नं उतरतोच हाय व्हय? म्हंजी तितंबी आपल्या ग्रामपंचायतीवानीच काम चालतंय!”

* * *

शालन गप्प राहणारी बाई. पण एकदा तिनंच मला धरलं.

“आक्का, रोज बाप्येच लिवता. हा चढला, तो उतरला, त्यानं शोध लावला. बायकांनी कायच केलं न्हाय का?”

मला झोंबलं. बरोबर होतं तिचं. सोळा जून आला, तेव्हा बाकी सगळं सोडून मी मधोमध एकच ओळ लिहिली. ‘आजच्या दिवशी एक बाई एकटी अंतराळात गेली.’

त्या दिवशी डेअरीत बायका हलेनात. कुणी विचारते, किती दिवस राहिली? कुणी विचारते, खायला काय नेलं? नवनाथचा हॉर्न बोंबलतोय, कुणाचं लक्ष नाही.

शालनची सासू मागं उभी होती. तिनं फळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, शालनकडं बघितलं आणि म्हणाली, “गेली ते खरं. पर घरच्या धारा कुणी काढल्या?”

सगळ्याजणी हसल्या. शालन हसली नाही. घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “संध्याकाळच्या धारा तुमी काढा. मी जरा वर बघत बसणार हाय.”

आणि खरंच अंगणात खाट टाकून बसली! नवऱ्याला गाईनं दोन लाथा घातल्या, पण धार निघाली. तेव्हापासून त्या घरात संध्याकाळची धार त्याच्याकडंच आहे.

* * *

आता बारा जुलैचं सांगते. हा किस्सा हसण्याचा नाही, पण बाकीचं सगळं ह्याच्यावरनं घडलं.

मी लिहिलं, ‘आजच्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं.’

आबा आले. वाचलं. नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून सगळे थांबले. आबांनी कॅन खाली ठेवला.

मग म्हणाले, “मी हुतो तितं.”

कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही नाही, असं नंतर कळलं. लहानपणी मामाकडं पुण्यात शिकायला ठेवलं होतं. मामानं खांद्यावर घेऊन गच्चीवर चढवलं, तिथनं खालचं सगळं बघितलं.

“मामीची दुधाची चरवी पाण्यावरनं चालली हुती,” आबा म्हणाले. “झाकण तसंच. मी मामीला वरडून सांगत हुतो, दूध सांडलं न्हाय अजून, दूध सांडलं न्हाय. आन मामी रडत हुती. मला कळंना, दूध सांडलं न्हाय तर ही रडती कशाला.”

कॅन हातात घेऊन सगळी रांग उभी. आबा सांगत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. नवनाथनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग इंजिन बंद करून तोही खाली उतरून उभा राहिला.

टेम्पो फार उशिरा सुटला. दमट हवा, तापलेले कॅन. इंदापूरच्या बाजूला चिलिंग सेंटरवर पोचेपर्यंत दूध नासलं. सगळ्या गावाचं दूध परत आलं!

डेअरीचे चेअरमन बापूराव. माझ्या चुलत दिराचा मुलगा, माणूस कष्टाळू, पण त्या दिवशी पेटला होता.

“आक्का, तुमच्या इतिहासापायी आजचं दूध गेलं. फळा निघणार!”

“दूध नासलं ते टेम्पोला ताडपत्री नाही म्हणून.”

“ताडपत्री कशाला? टेम्पो येळंवर सुटला आसता तर?”

बोलणं खरं होतं त्याचं. पण म्हणून मी गप्प बसले असं समजू नका!

* * *

फळ्यासाठी खास सभा बोलावली. मी सगळ्यात आधी जाऊन पुढं उभी राहिले.

बापूराव म्हणाले, “आक्का, तुमी सभासद न्हाय. शेअर तुमच्या पोराच्या नावावर हाय. बोलायचं आसंल तर त्यानं बोलावं.”

गाई माझ्या, वैरण माझी, धारा माझ्या हातच्या. आणि बोलायचं माझ्या पोरानं! पोरगं माझं गुणी आहे, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. ते खाली बघत बसलं.

ठराव झाला. फळा काढायचा, तिथं मोठा स्क्रीन लावायचा. “स्क्रीनवर दिनविशेष आपोआप येईल,” बापूराव म्हणाले. “खडू नको, थांबणं नको!”

दुसऱ्या दिवशी फळा उतरवून पेंडीच्या पोत्यांमागं उभा केला. मी बघितलं आणि घरी आले. भिंतीकडं तोंड करून पडले. सून दोनदा विचारून गेली, जेवताय ना? तिसऱ्यांदा विचारायची तिची छाती झाली नाही.

स्क्रीन आला. सुरू केला. त्यावर झेंडा फडकला आणि ‘प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा’ आल्या. दुकानदारानं नमुन्याला टाकलेलं चित्र होतं, आणि ते बदलायचं कुणालाच जमेना. ऑगस्ट लागला तरी डेअरीत रोज सव्वीस जानेवारी!

तात्या जुने होमगार्ड. झेंडा दिसला की सावधान! त्यांच्या मागचे त्यांच्याकडं बघून सावधान! रांग हलायची कशी? नवनाथ आधीपेक्षा जास्त हॉर्न वाजवायला लागला.

* * *

नऊ ऑगस्ट उजाडला. क्रांतिदिन! असला दिवस आणि गावात खडूची रेघ नाही? माझ्यानं राहवेना.

डेअरीत गेले. नवनाथ आत कॅन मोजून घेत होता. टेम्पोचा मागचा फाळका काळ्या रंगाचा, नुकताच धुतलेला. मी पदर खोचला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आजच्या दिवशी इंग्रजांना चले जाव म्हणून सारा देश रस्त्यावर उतरला.’

टेम्पो निघाला तो नेमका बापूरावांच्या मोटारसायकलच्या पुढनं. बापूराव गावाच्या वेशीपर्यंत टेम्पोमागं होते. पुढं जायला वाट मिळेना, वाचण्यापलीकडं इलाज नाही. दुपारी माझ्या पोराला विचारत होते, “आक्कांनी ते मला उद्देशून लिवलं का रं?”

मला वाटलं होतं, नवनाथ भांडायला येणार. मी तयारीत होते. दुसऱ्या दिवशी तो आला, फाळका फडक्यानं पुसला आणि म्हणाला, “आक्का, आज जरा मोठं लिवा. पुढच्या गावात मागची माणसं म्हणत्यात दिसत न्हाय.”

मग रोज लिहायला लागले. टेम्पो वाटेतल्या गावांतनं दूध घेत जातो, तिथं तिथं माणसं फाळक्यामागं उभी राहायला लागली. इंदापूरच्या चहावाल्यानं नवनाथला निरोप दिला, कोकणातलं बी कायतरी येऊ द्या, बायकोचं माहेर तिकडं हाय. हॉर्न कधी बंद झाला ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

आणि एका सकाळी मला ताप भरला. अंथरुणातनं उठवेना. डोकं इतकं जड की आज तारीख कुठली हेही आठवेना.

डेअरीत कॅन चढवून झाले. नवनाथ मात्र फाळक्याला टेकून उभा. बापूराव धावत आले.

“आरं, टेम्पो का उभा हाय? दूध नासंल!”

“कोरा फाळका घेऊन कसा जाऊ, चेअरमन? वाटंत सगळी इचारत्यात.”

“आक्का आजारी हायत!”

“मग आमी थांबतो की.” आणि नवनाथ सावलीत जाऊन बसला. त्याच्याशेजारी आबा बसले, तात्या बसले. शालन बाहेर येऊन उभी राहिली.

दारात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. बापूराव आत आले. घामानं ओलेचिंब, हातात खडू! कुठनं शोधून आणला कुणास ठाऊक.

“आक्का, लवकर सांगा. आजच्या दिवशी काय झालं?”

मी डोळे न उघडताच म्हटलं, “आजच्या दिवशी टेम्पो थांबला.”

बापूराव पळतच गेले. घाईत होते बिचारे. त्या दिवशी आमच्या गावापासून इंदापूरपर्यंत, वाटेतल्या प्रत्येक गावानं टेम्पोच्या फाळक्यावर वाचलं, डेअरीच्या चेअरमनच्या स्वतःच्या अक्षरात:

‘आजच्या दिवशी टेम्पो थांबला.’