आधी बोटं, मग हात

लुमिंगने आयुष्यभर कुणी न पाहिलेली चित्रं काढली. मनिलात ती परदेशी कार्टूनांची मधली चित्रं करायची. मांजर भिंतीवरून उडी मारतं. भिंतीवरचं मांजर दुसऱ्याचं, जमिनीवरचं दुसऱ्याचं, मधली सोळा हिची. धावत्या पायांचा फराटा, वेग दाखवणारा तो पुसट ओघळ, तिच्यासारखा कुणाला जमत नसे.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ती सेबूत, बेकरीच्या वरच्या आमच्या स्टुडिओच्या दोन खोल्यांत, माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसते. कागद गेला. हात, बाही, एकेक बोट वेगळ्या लेयरवर. रेषा कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फराटाही एका बटणात मिळतो. ते बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा तिने ते परत परत दाबून पाहिलं. मग म्हणाली, "फराटा शिकण्यातली माझी बारा वर्षं ह्या बटणात भरलीयत की."

त्या आठवड्यात काम होतं बहिऱ्या मुलांच्या शाळेचं. वादळाचा इशारा खुणांच्या भाषेत सांगायचा: चित्रातली मुलगी हात उचलून तीन बोटं दाखवते, इशारा तीन, सामान घ्या, सुरक्षित जागी चला. शुक्रवारी दुपारी मुलांना दाखवायचं होतं. लुमिंगने जीव ओतला. पंजा चेहऱ्यावरून जाताना दोन्ही रंग एकमेकांत मुरवले, हाताच्या प्रत्येक हालचालीला फराटा दिला.

"लोणी आहे, मानांग, लोणी!" आमचा बॉस जोबेन म्हणाला. तो तिच्या मुलाच्या वयाचा, म्हणून तिला मानांग, म्हणजे ताई म्हणतो.

शुक्रवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ तास्यो तपासायला आला. वेताच्या खुर्च्या विणतो, जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. मागच्या वादळात इशारा रेडिओवर झाला; तास्योला कळलं ते पाणी खाटेला लागल्यावर. लुमिंग त्याबद्दल बोलत नाही.

त्याने चित्र पाहिलं आणि चार बोटं दाखवली.

"तीन आहे रे!" लुमिंग हातांनी आणि तोंडानेही ओरडली. भावाचे हात बोलतात ते ती आम्हाला मोठ्याने सांगते, शिव्यांसकट. आताही सांगितलं, "म्हणतो, तुझी पोरगी माडी पिऊन आलीय. बोलताना जीभ अडखळतेय."

"चाळीस वर्षं हात काढतेय मी, तास."

"काढतेस. वाचत नाहीस."

त्याने चित्र एका जागी थांबवलं. फराट्यात तीन बोटांची चार झाली होती, नीट पाहिलं तर पाच. चेहऱ्यावर पंजा आला तिथे तर एकही उरलं नव्हतं.

लुमिंग खाली जाऊन भाताच्या पुड्या आणि सुकी मासळी घेऊन आली, आणि न खाता बसली. मग तिने बोटांचा फराटा पुसून टाकला. आता धूसर हातावर लख्ख बोटं डिंकाने चिकटवल्यासारखी दिसू लागली.

"मानांग, मशीन वाटतंय," जोबेन म्हणाला.

"दिसतंय मला, दोंग. गप बस, पोरा."

तास्योने तिचं मनगट धरलं. स्वतःचा हात कमरेशी नेला, तिथेच तीन बोटं उघडली, मग सावकाश वर आणला. आधी बोटं, मग हात. लुमिंग बोटं वाटेत उघडत होती. कार्टूनात तसंच गोड दिसतं.

तिने पुन्हा मांडलं. बोटं आधी उघडली. रंगांचं मुरवणं काढून टाकलं, पंजाला गडद कड दिली. शेवटी सगळाच फराटा पुसायला निघाली, तेव्हा तास्योने अडवलं.

"बाहीला राहू दे. बाही कुठे बोलते?"

तीन वाजता शाळेच्या पडद्यावर ती मुलगी उभी राहिली. लुमिंग भिंतीला टेकून होती. पडद्याकडे पाहतच नव्हती, मुलांकडे पाहत होती. इशारा आला. चाळीस हात वर, सगळ्यांची तीन बोटं. मागच्या बाकावरची एक मुलगी तर बाहीचा झोकही करून पाहत होती, दोनदा, तीनदा.

पुढची खूण आली, आणि मुलांनी दप्तरं उचलली. अख्खा वर्ग उठून दाराकडे निघाला.

शिक्षिका धावली, दोन्ही हातांनी सांगू लागली, खोटं आहे, वादळ नाही, बसा! तास्यो पोट धरून हसत होता.

"बाई," लुमिंग म्हणाली, "एवढ्यात नका बसवू. पोरं जरा उभी राहू द्या."