बापाकडून आलेलं दुखणं

सव्वा महिन्यापूर्वी शिरपूरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली." जळगावच्या घरात मी कुकर लावत होते, तशीच उभी राहिले... सुमनअक्का माझी चुलत बहीण, आठ वर्षांनी मोठी, शिरपुरात ब्लाऊज शिवणारी.

तीन वर्षांपूर्वी तिचं पोट फुगायला लागलं. दोन घासांतच भूक मरायची. गॅस समजून तिने चार महिने ओवा खाल्ला. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. अक्काने रडण्याआधी विचारलं, "हे सुरू कुठून झालं?" बाईंनी कागदावर काढून दाखवलं. अंडाशयाशेजारी गर्भनळी, तिच्या टोकाला झालर. अक्काच्या प्रकारचा कॅन्सर बहुतेकदा त्या झालरीतल्या एखाद्या पेशीत सुरू होतो. बिघडलेल्या पेशी सुटून अंडाशयावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर रुजतात. वर्षानुवर्षं काही दुखत नाही... पोटात पाणी साठतं तेव्हा कळतं. अक्का कागदाकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा नवल जास्त होतं.

घराण्यात कुणाला होता का, असं बाईंनी विचारलं. तिच्या आईकडे कुणालाच नव्हता. पण वडिलांची आई, आमची शिंदखेड्याची आजी, पोटात पाणी होऊन गेली होती. रक्त तपासलं, तर जनुकात पिढीजात बिघाड निघाला. केमोने केस गेलेले, डोक्याला रुमाल, अशी अक्का शिंदखेड्याला सगळ्या भाऊबंदांसमोर बसली. "हाई बापकडथीन बी येस. बठ्ठासनी, सगळ्यासनी रगत तपासा." माझे वडील, आबा, खाली बघत म्हणाले, "सुमन, नातींची लग्नं व्हायचीत. चारचौघांत कशाला?"

"पोरी जित्या राहिन्यात तर लगीन व्हई, आबा."

मी तपासून घेतलं. बिघाड माझ्यातही होता. पंचेचाळिशी उलटली होती, मुलं मोठी झाली होती. कॅन्सर होण्याआधीच नळ्या आणि अंडाशय काढून टाकले. वरून सगळं निरोगी दिसत होतं. पण उजव्या नळीच्या झालरीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल एवढी, कॅन्सरची सुरुवात सापडली. पसरलेली नव्हती. अक्काला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "म्हंजे मना कॅन्सर बी एक दिन इतलाच व्हता..."

तेराव्यानंतर रावेरच्या चुलत बहिणीचा फोन आला. इकडचंतिकडचं बोलण्याआधीच तिने विचारलं, "जेवण नीट जातं ना गं?" हे अक्काचं विचारणं; दुखणं कळल्यापासून ती आम्हा बहिणींना फोनवर आधी हेच विचारायची. आमच्यातली प्रत्येक जण आता फोन उचलला की आधी तेच विचारते.