माझा राग आणि मामींचं कोलम

भाजी करपली म्हणून मी चिडले, की ह्यांचा प्रश्न ठरलेला: "गोळी घेतलीस का?" पाण्याची लॉरी आली नाही म्हणून ओरडले, तरी तेच. अहो, मी लग्नाआधीपासून भांडकुदळ आहे, हवं तर माझ्या आईला विचारा! गोळी मी रोज घेत होते. पण स्किझोफ्रेनिया एकदा मागे लागला की बाईला साधं चिडायचीही चोरी.

इथल्या अड्यार भागातल्या डॉक्टरीणबाई रागाबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. "आजार परतताना तुमच्याकडे कुठून शिरतो ते तुम्हीच ओळखा, आणि लगेच सांगा," एवढंच. माझ्याकडे तो समोर राहणाऱ्या तमिळ मामींच्या दारातून शिरायचा. मामी रोज सकाळी दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढत, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. एरवी मी ते ओलांडून बाजारात जाई. मागच्या खेपेला त्या ठिपक्यांत मला निरोप दिसायला लागले, मी कुणाला बोलले नाही, आणि पुढचे कित्येक महिने हातचे गेले. लेकीला पुण्याला सासूबाईंकडे ठेवावं लागलं. परत आली तेव्हा ती माझ्याजवळ यायला बिचकत होती.

आणि त्या सकाळी कोलम पुन्हा माझ्याबद्दल बोलायला लागलं.

दिवसभर मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. सांगितलं, तर माझा प्रत्येक राग आजारात जमा. मग जन्मभर माझं ऐकणार कोण? नाही सांगितलं, तर लेक पुन्हा पुण्याला. शाळेतून आली तशी ती दप्तर फेकून माझ्या मांडीवर लोळली, अर्धं तमिळ अर्धं मराठी काहीबाही सांगत. मला रडूच फुटलं. हे दारात दिसले आणि मी बोलून टाकलं, "मामींचं कोलम माझ्याबद्दल बोलतंय."

ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "चल," म्हणाले. लेकीला सोडायचं कुठे, तर मामींकडेच! कोलमपाशी मी डोळे घट्ट मिटले, ह्यांचा हात धरला आणि पलीकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली. वेळेवर आलात, म्हणाल्या. खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते, तर एक गृहस्थ खुशाल पुढे घुसले. झालं! मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी त्यांना असं फैलावर घेतलं की सगळं दुकान वळून बघायला लागलं. बायकोला आवरा, अशा चेहऱ्याने ते ह्यांच्याकडे वळले. हे माझ्याकडे बघत होते. आता तोच प्रश्न येणार, हे मी धरूनच चालले.

"बरोबर बोलतेय ती," हे त्यांना तमिळमध्ये म्हणाले. "मागे जा, सर."