दसऱ्याला सुरू न झालेलं इंजिन

आबांच्या हलगर्जीपणामुळं त्यांची सख्खी बहीण नावेत मेली, असं आमच्या गावात अजून म्हणतात.

साफ खोटं आहे.

आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जाऊन आज दहा वर्षं झाली. आता मी गप्प बसणार नाही.

गोष्ट चाळीसच्या दशकातली, मोठी लढाई संपल्यावरची. आबा फौजेत बोटींच्या इंजिनांवर मेकॅनिक होते. सुटून आल्यावर त्यांनी लष्कराच्या भंगारातलं एक जुनं बोटीचं इंजिन आणलं आणि कृष्णेवरच्या आमच्या नावेला बसवलं. पलीकडं सांगली. बाजार तिकडं, दवाखाना तिकडं. गावाला कोण कौतुक!

खंडेनवमीला आबांनी इंजिन आतून-बाहेरून लख्ख पुसलं. मग घरातल्या हत्यारांसारखी त्याचीही पूजा झाली. पूजा त्यांच्या आईनं, माझ्या पणजीनं केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाळंतपणाला माहेरी आलेली हौसा, आबांची धाकटी बहीण, सकाळपासून अडली होती. सुईणीनं हात टेकले.

हौसाला नावेत घातलं. नदीला परतीच्या पावसाचं पाणी. त्या ओढीत वल्ह्यावर पलीकडं जाणं शक्यच नव्हतं.

आबांनी हँडल मारलं. एकदा, दहादा. इंजिन ढिम्म.

माझं विट्यात गॅरेज आहे, म्हणून छातीठोक सांगतो, ते कुठंही चुकले नाहीत. पेट्रोल बघितलं, येत होतं. प्लग काढून पुसले, तापवले. प्लग इंजिनाला टेकवून हँडल फिरवलं, तर स्पार्क लाल, मरतुकडा. तो निळा पडायला पाहिजे. मग स्पार्कसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोचे पॉइंट घासले.

"कालच पूजा केलीया रं त्येची," पणजी सारखी म्हणत होती. "दगा कसा दील त्यो?"

हौसाचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

मॅग्नेटोचं दुसरं टोपण, प्लगांना वीज वाटून देणारं, आबांनी सगळ्यात शेवटी उघडलं. कालच तर स्वतः आतून पुसून बसवलं होतं. तिथं घाण असेल असं कुठल्या मेकॅनिकच्या मनात येईल?

आत हळदीकुंकवाचा चिखल.

पणजीनं नारळ इंजिनावरच फोडला होता. ते पाणी फटीतून आत उतरलं होतं, आणि सगळी वीज त्या ओल्या चिखलातून वाया जात होती.

पेट्रोलच्या फडक्यानं टोपण पुसलं. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं.

हौसा तोवर गार पडली होती. पोटातलं बाळही गेलं.

"काय झालं हुतं रं इंजिनाला?" पणजीनं विचारलं.

आबांनी ते लाल फडकं नदीत सोडून दिलं.

"पेट्रोलात पाणी हुतं, आये. मी गाळून घेतलं न्हाई."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. खंडेनवमीला मी गॅरेजात एका इंजिनावर नारळ फोडायला निघालो होतो. त्यांनी तो हातातून हिसकावून घेतला.

"आवं आबा, मग तिला खरं का न्हाई सांगितलं?"

"लेक गेली हुती तिची. वर काय सांगू? तुज्याच हातनं गेली?"

पणजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. त्याच घरात. आबांशी एक शब्द बोलली नाही.

शेवटच्या दिवशी आबा चमच्यात पाणी घेऊन तिच्या उशाशी बसले. तिनं ओठ घट्ट मिटून भिंतीकडं तोंड फिरवलं.

तरीही ते बोलले नाहीत.

आबा, तुमच्या नातवाचा तुम्हाला साष्टांग दंडवत.