आईने रोळलेलं सोनं

आज अमेरिकेत, पार्सिपनीत, डाळ पाण्यात रोळताना तळाशी दोन खडे बसले आणि आईबरोबर पाहिलेलं ऑस्ट्रेलियातलं ते छोटं गाव आठवलं. पूर्वी तिथे सोन्याच्या खाणी होत्या. आता पर्यटक हौसेने ओढ्यातली वाळू थाळीत रोळून सोनं शोधतात. आईला नातीसाठी एक तरी कण हवा होता. निलगिरीच्या वासात, घोटाभर थंड पाण्यात तिने थाळी हलवली, वरची हलकी वाळू ओंजळीत जपून घेतली आणि तळाचं डाळीच्या सवयीने फेकून दिलं.

"अगं आई, सोनं जड असतं. तळाशी बसतं!"

"मग आधी सांगायचंस ना, इंजिनिअर!" म्हणत ती हसत सुटली आणि तिने पुन्हा थाळी भरली.

पर्यटकांसाठीचं गेट बंद व्हायला अर्धा तास होता. तो तिने पुरेपूर वापरला. कण काही मिळाला नाही. आता आई नाही, आणि मला तो अर्धा तास हवा आहे.