टाकून पाहिल्या होत्या

माझ्या एका अर्धवट उत्तरामुळे एका परक्या मुलीवर खोटारडेपणाचा ठपका बसत होता, आणि खरं काय ते त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होतं. बोलायला मी किती वेळ घेतला, तेवढंच आज लिहायचं आहे. बाकीचं केवळ ते समजावं म्हणून.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, तीसेक वर्षं हळद पारखण्याचं काम करतो. हळकुंड कानाजवळ धरून मोडायचं. टणत्कार झाला तर माल वाळलेला, नुसतंच वाकून चिरलं तर आत ओल आहे असं समजायचं. माझ्या कानावर व्यापाऱ्यांचा विश्वास आहे, आणि त्या विश्वासाचा मला जो सूक्ष्म अहंकार आहे तो मी कधी उघडपणे कबूल केला नव्हता.

पुण्यात शिकत असताना माझ्या मुलीला पेंटबॉलचा नाद लागला. गावी परतल्यावर तिनं तालुक्यातल्या चार मुली जमवून संघ उभा केला. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून, जिला ती मार्कर म्हणते, रंग भरलेल्या गोळ्या प्रतिस्पर्ध्यावर मारायच्या. गोळी अंगावर फुटून रंग उमटला की तो खेळाडू बाद. लागली पण फुटली नाही, तर तो बाद नाही. रंग उमटल्यावर तो गुपचूप पुसून खेळत राहणं हा मात्र या खेळातला सर्वांत लाजिरवाणा गुन्हा.

वारंगा फाट्याजवळच्या मैदानावर स्पर्धा ठरली तेव्हा ती तीन तऱ्हेच्या गोळ्यांचे नमुने घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुमचा हात अन् कान पाहिजे. सरावाची गोळी जाड सालीची असती. सामन्याची पातळ लागती. पर इतकीबी पातळ न्हाई, की नळीतच फुटल."

"म्हणजे हळकुंडासारखं. मोडलं पाहिजे, पण पोत्यात नाही."

"बराबर!"

त्या संध्याकाळइतका मी क्वचितच आनंदात होतो. गोळ्या परातीत घरंगळवून त्यांचा गोलपणा पाहिला. एकेक गोळी मार्करच्या नळीत ठेवून फुंकली. आपोआप घसरून पडली तर लहान, फुंकूनही हलली नाही तर मोठी, एका फुंकरीत बाहेर आली तर मापाची. शेवटी छातीच्या उंचीवरून फरशीवर टाकून पाहिल्या. दोन नमुन्यांच्या गोळ्या उसळल्या. तिसऱ्याची पहिल्याच पडण्यात फुटली आणि फरशीवर दाट पिवळा रंग पसरला. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. निवड अचूक होती, असं मुलगी आजही म्हणते.

चूक त्यानंतरची. पेट्या आल्या आणि मुलगी चार दिवसांसाठी संघाबरोबर हिंगोलीला सरावाला गेली. जाताना, पिशव्या बंदच कोरड्या खोलीत ठेवा, असं सांगून गेली. वैशाखाचं ऊन होतं. दुपारी पत्र्याकडे पाहवत नव्हतं. मला वाटलं, एवढ्या नाजूक सालीला ही धग सोसणार कशी? शिवाय एका पिशवीत दोन-चार दबलेल्या गोळ्या दिसल्या. तेव्हा मी सगळ्या पिशव्या फोडल्या, एकेक गोळी बोटांत फिरवून निवडली आणि निवडलेल्या गोळ्यांच्या पराती कूलरसमोर मांडल्या. चार दिवस कूलर अखंड चालू ठेवला.

"लेकराला ताप आल्यावाणी उशाशी बसून राहिलेत," बायको म्हणाली. "आमी उकडून मेलो तरी चालतंय. गोळ्यायला वारा पाहिजे!"

कूलरचा वारा ओला असतो. हळदीच्या कोठारात मी कूलरला उंबरठासुद्धा ओलांडू देत नाही. या गोळीची साल ओल पिऊन चिवट होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण सालीवर बोट फिरवताना तिसऱ्या दिवशी मला जे जाणवलं, ते मी थंडावा समजलो. खरं तर थंडावा समजायचं ठरवलं.

स्पर्धेच्या सकाळी, जीप यायच्या आधी, मी एक गोळी फरशीवर टाकली. ती उसळली. दुसरी टाकली, तीही उसळली. तिसरी फुटली. चौथी उसळून पाटाखाली गेली. परातीतल्या खालच्या थराला ओल कमी लागली असावी. वरच्या थरातली एकही धड नव्हती. आता दुसऱ्या गोळ्या कुठून आणणार?

तेवढ्यात पहाटेच परतलेली मुलगी बूट घालत दारातून म्हणाली, "बाबा, टाकून पाह्यल्या ना?"

"पाहिल्या," मी म्हणालो.

शब्द खोटा नव्हता. याच शब्दाच्या आधारानं मी वाटेतल्या कळमनुरीपर्यंत स्वतःला सावरलं. तिनं विचारलं तेवढंच आपण सांगितलं. फुटल्या का, असं तिनं विचारलं नाही. पुढे मात्र त्या शब्दाचा आधार वाटेना. जीपमध्ये पाचही मुली हसत-खिदळत होत्या आणि गोळ्यांनी भरलेली नळकांडी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला मी कान देत होतो, आत काही फुटल्याचा आवाज येतो का म्हणून. येत नव्हता. एरवी मला त्याचं समाधान वाटलं असतं.

मैदानाला चारी बाजूंनी जाळी होती. माझ्या शेजारी माझ्याच वयाचा एक गृहस्थ पाण्याची बाटली धरून उभा होता. औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी. त्याची मुलगी समोरच्या संघात होती.

"तुम्हाला कळतंय का हो ह्यातलं, भाऊ?"

"थोडंफार."

"मला तर निसती होळीच वाटून राहिली. आमची ती निळ्या मोज्याची. पळतीय बघा कशी, शेळीवाणी!"

मी हसलो. पहिलाच सामना होता. मिनिटभरात माझ्या मुलीनं मैदानाची कड गाठली आणि आडोशामागच्या त्या निळ्या हातमोज्यांच्या मुलीवर अगदी जवळून नेम धरला. तीन गोळ्या. तिन्ही खांद्याशी लागलेल्या मी पाहिल्या. ती मुलगी कळवळून वाकली, पण थांबली नाही. वळून तिनं माझ्या मुलीच्या मुखवट्यावर गोळी फोडली.

माझी मुलगी हात वर करून ओरडली, "पुसलं तिनं! तीन लागल्यात, माझ्या डोळ्यानं पाह्यलंय!"

पंचानं शिट्टी वाजवली. त्यानं त्या मुलीचा खांदा तपासला. तो स्वच्छ होता. मग त्यानं हातमोजा पाहिला. त्यावर पिवळा रंग होता. एखादी फुटलेली गोळी आडोशावर ओघळली असेल आणि तिचा हात तिथे टेकला असेल. पण पंचाला ते पुरेसं होतं.

"लागल्या मला, ताई," ती मुलगी मुखवटा काढून म्हणाली. "न्हाई म्हणत न्हाई मी. पर फुटल्या न्हाईत."

"तीनच्या तीन न्हाई फुटल्या? आमच्या गोळ्या बाबानं निवडल्यात. हाताला लागण्याआधी फुटणाऱ्या."

हे ती अभिमानानं बोलली. पंच वही उघडून म्हणाला, की रंग पुसणाऱ्या खेळाडूला स्पर्धेतून काढावं लागतं आणि तसा शेरा पुढच्या स्पर्धांनाही कळवला जातो.

"काय झालं हो?" शेजारचा गृहस्थ मला विचारत होता. "काहून तिला बाजूला घेऊन राहिले?"

मी म्हणालो, "काहीतरी नियमाचं आहे."

जाळीखालून एक गोळी घरंगळत माझ्या पायाशी आली होती. पिवळी, अखंड. मी तिच्यावर अलगद चप्पल टेकवली. हे मी विचार करून केलं नाही. पण विचार न करता माणूस जे करतो तेच त्याचं असतं, असं मला हल्ली वाटतं.

"आमचं लेकरू खोटं बोलत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. त्याचा आवाज आता हलका झाला होता. "तुमाला कळतंय ह्यातलं. तुमी सांगा, काय केलं तिनं?"

माझ्या डोळ्यांसमोर माझ्या मुलीचं तोंड होतं. मी बोललो तर सगळ्यांदेखत तिचा आरोप खोटा पडणार, संघ बाहेर जाणार, आणि बापाच्या ज्या हातावर ती विसंबली तो हात कसा होता हे तिला कळणार. न बोललो तर दुसऱ्या एकीच्या नावापुढे शेरा. यात निवडण्यासारखं काय होतं? तरीही मी निवडत उभा राहिलो. पंचानं खिशातून पेन काढलं.

मी चप्पल उचलली, गोळी घेतली आणि जाळीचं दार ढकललं.

"काका, मागं व्हा. खेळ चालू आहे," पंच म्हणाला.

माझा आवाज मुळातच लहान. पहिल्यांदा तो कोणालाच ऐकू गेला नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, "गोळ्या फुटत नाहीत. आमच्याच." मग पंचाच्या टेबलाखाली सिमेंटचा चौथरा होता, त्यावर छातीच्या उंचीवरून ती गोळी टाकली. ती टप्पा घेऊन माझ्या मुलीच्या बुटापाशी थांबली. तिच्या नळकांड्यातून आणखी चार घेतल्या. एक फुटली, तीन उसळल्या.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी तर तुमी म्हणले..."

"टाकून पाहिल्या, एवढंच म्हणालो. फुटल्या, असं म्हणालो नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग त्या मुलीकडे गेली आणि म्हणाली, "दाखव खांदा." बाही वर केली तर तीन वळ, काळेनिळे, मधे रक्ताचे ठिपके. फुटणारी गोळी एवढं लागत नाही. जी फुटत नाही तिचा सगळा मार अंगात शिरतो, हे मला तिथे कळलं. माझ्या मुलीनं स्वतःचे हातमोजे काढून तिचा हात हातात घेतला. "चुकलं माझं. खोटी म्हणले तुला." ती मुलगी म्हणाली, "राहू द्या, ताई. नेम बाकी भारी हाय तुमचा." दोघी रडता रडता हसल्या. पंचानं वही मिटली. फुटतील अशा गोळ्याच नसल्यानं आमचा संघ बाहेर गेला.

मी जाळीमागे परतलो. तो गृहस्थ तिथेच उभा होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"लई उपकार झाले. सोताच्या पोरीइरुद्ध कोण उभं राहतंय, भाऊ? मोठं मन लागतं."

ती शाबासकी घेऊन घरी जाणं मला सहज शक्य होतं.

"तुम्ही मला पहिल्यांदा विचारलं," मी म्हणालो, "तेव्हाच मला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. ती गोळी माझ्या पायाखाली होती. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही."

त्यानं माझे हात लगेच सोडले नाहीत. थोड्या वेळानं सोडले.

"व्हय का," तो म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडत आपल्या मुलीकडे चालत गेला.